ट्रेलर, जनरेटर आणि अर्थिंग: रॉड ठोकायचा की नाही?

पायवाट (धागाकर्ती):
मंडळी, विजेची एक शंका आहे. आमच्याकडे ३० अँपचा ट्रॅव्हल ट्रेलर आहे. कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबाला जोडला की सगळं सुरळीत चालतं. आता युटातल्या मोआबजवळ बीएलएमच्या (अमेरिकन सरकारच्या) मोकळ्या जमिनीवर राहायचा बेत आहे. तिथे खांबही नाही आणि नळही नाही, म्हणून २२०० वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर घेतला. घरासमोर चालवून पाहिला. जनरेटर मस्त चालतोय, पण ट्रेलरमध्ये दिवा लागत नाही. मध्ये ईएमएसवाला (येणारी वीज तपासून मगच पुढे सोडणारा) सर्ज प्रोटेक्टर आहे, तो ई२ दाखवतो आणि वीज पुढे सोडत नाही. पुस्तिकेत ई२ म्हणजे ओपन ग्राउंड, म्हणजे अर्थिंग नाही.

शेजारच्या ट्रेलरवाले आजोबा म्हणाले, आठ फुटी तांब्याचा रॉड ठोका आणि जनरेटरच्या नटाला तार जोडा. दुकानदार म्हणाला, ईएमएस बायपास करा, सगळे तेच करतात. नवऱ्याने व्हिडिओ बघून तिसरंच काढलंय, कसलासा प्लग लावायचा म्हणे. तिघांतलं खरं कोणाचं? आणि ई२ आलं म्हणजे खरंच शॉक बसू शकतो, की नुसती भीती?

उनाड_पाखरू:
मोआबच्या खडकात आठ फुटी रॉड? ठोकून होईपर्यंत सुट्टी संपेल. :) आमच्याकडेही हेच ई२ प्रकरण आहे, रुमाल टाकून ठेवते.

जुना_वायरमन:
पायवाट, रॉड टाळू नका. महाराष्ट्रात सबस्टेशनवर उभी हयात गेली, आता मुलाकडे असतो. आयएस ३०४३, आपलं अर्थिंगचं मानक, तोंडपाठ होतं एकेकाळी. बॉडीला अर्थ नसेल ते यंत्र मी कोणाला चालू करू देत नसे. खड्डा घ्या, कोळसा-मीठ भरा, पाणी सोडा, मग बघा कसा शॉक बसतो ते. खडक लागला तर जागा बदला, नियम बदलू नका. तो प्लग वगैरे जुगाड माझ्या बुद्धीला पटत नाही.

माळरान:
बायपास करा आणि मजा करा. आम्ही कायम तसंच वापरतो, अजून जिवंत आहे.

तारतम्य:
काका, आदर ठेवून असहमत. आणि माळरान, तुमच्याशी आदर न ठेवता असहमत. (दिवे घ्या!)

आधी रॉडचं बघू. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं कलम २५०.३४ सांगतं की पोर्टेबल जनरेटर फक्त स्वतःच्या सॉकेटमधून, प्लग-कॉर्डने जोडलेल्या गोष्टींना वीज देत असेल आणि त्या सॉकेटची ग्राउंड पिन जनरेटरच्या फ्रेमला जोडलेली असेल, तर फ्रेमला जमिनीत रॉड लागत नाही. ट्रेलर म्हणजे या हिशेबात प्लग लावलेली एक मोठी वस्तूच.

कोड बाजूला ठेवून साधा भागाकार करू. एकच रॉड ठोकला तर कोड त्याच्याकडून २५ ओहम किंवा कमी रेझिस्टन्स मागतो, नसेल तर दुसरा ठोकायला लावतो. समजा जमीन ओली आहे आणि २५ ओहम मिळाले. हॉट (म्हणजे फेज) तार ट्रेलरच्या बॉडीला लागली आणि करंट मातीतूनच परत जाणार असेल, तर १२० भागिले २५, म्हणजे ४.८ अँपिअर. पंधरा अँपचा ब्रेकर ४.८ वर पडतो का? जन्मात नाही. म्हणून तर कोडमध्येच स्पष्ट लिहिलंय की फॉल्ट करंटच्या परतीसाठी जमिनीवर विसंबायचं नाही. कोरड्या वाळूत किंवा मोआबच्या खडकात तर २५ ओहमचं नावही काढू नका.

पायवाट, तुमच्या बाबतीत तर ४.८ पण नाही. छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये, होंडा ईयू२२००आय किंवा यामाहाचे त्या जातीचे, न्यूट्रल 'फ्लोटिंग' असतो. म्हणजे आतल्या दोन्ही तारा, हॉट आणि न्यूट्रल, फ्रेमपासून अलग. ग्राउंड पिन फ्रेमला जोडलेली आहे, पण फ्रेम न्यूट्रलला जोडलेली नाही. रॉड फ्रेमला जोडला तरी करंटला जनरेटरमध्ये परत शिरायला दारच नाही. आजोबांचं ऐकून रॉड ठोकलात तरी ई२ जाणार नाही. करून बघा, किंवा माझ्यावर विश्वास ठेवा आणि पाठ वाचवा.

खांबावर ई२ का येत नाही? कारण त्या वीजपुरवठ्यात, मागे मुख्य पॅनेलपाशी, न्यूट्रल आणि ग्राउंड एकमेकांना जोडलेले असतात. ट्रेलरच्या आतल्या पॅनेलमध्ये ते मुद्दाम वेगळे ठेवतात, कारण ही जोडणी एकाच ठिकाणी असावी आणि ती वीज जिथून येते तिकडे असावी. जनरेटरवर चालवताना वीज जिथून येते ती जागा म्हणजे जनरेटर, आणि तिथे जोडणीच नाही. ईएमएस नेमकं हेच ओळखतो.

नवऱ्याने काढलेला प्लग म्हणजे हीच जोडणी. तुमचा नवरा बरोबर आहे. (हे वाक्य दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.)

पायवाट:
ते वाक्य दाखवणार नाही. :) बाकी खूप आभार, पण एक कळलं नाही. रॉडचा उपयोगच नसेल तर घराला का असतो?

जुना_वायरमन:
मीही तेच विचारणार होतो. आम्ही काय वेडे म्हणून खड्डे खणत होतो? आणि तुमच्या भागाकारात एक गोष्ट सुटली. आमच्याकडे घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असतो, एवढी गळती दिसली की वीज तोडणारा. त्याला ४.८ अँपिअर म्हणजे मेजवानी. रॉड आणि आरसीसीबी मिळून काम करतात.

तारतम्य:
काका, हा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि खरं तर तुमच्या पद्धतीचं मर्मच ते आहे. आरसीसीबी असेल तर बेताचा अर्थही पुरतो. पण तिथेही ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला आहे म्हणून वर्तुळ पूर्ण होतं. इथे जनरेटरचा न्यूट्रल जमिनीला माहीतच नाही. तुमचा आरसीसीबीही गप्प बसेल.

घराला रॉड असतो तो वीज कोसळली तर, किंवा बाहेरची हाय व्होल्टेज लाइन चुकून घराच्या लाइनवर पडली तर, आणि एकूण व्होल्टेज जमिनीच्या मानाने ताळ्यावर राहावं म्हणून. गवतात ठेवलेल्या जनरेटरला यातलं काहीच लागू नाही.

शंकेखोर:
नावाला जागून विचारतो. न्यूट्रल फ्लोटिंग असेल तर एक तार हातात धरली तरी शॉक बसत नाही, कारण जमिनीतून परतीची वाट नाही. मग फ्लोटिंगच जास्त सुरक्षित नाही का? ऑपरेशन थिएटरमध्येसुद्धा अशीच अलग केलेली वीज वापरतात. मग मुद्दाम जोडून धोका का वाढवायचा? ओशाच्या (इथल्या कामगार सुरक्षा खात्याच्या) बांधकामाच्या नियमातही ५ किलोवॉटपर्यंतच्या, तारा फ्रेमपासून अलग असलेल्या दोन-तारी जनरेटरला जीएफसीआयमधून (म्हणजे इथल्या आरसीसीबीमधून) सूट आहे. म्हणजे त्यांनाही ते सुरक्षितच वाटतं ना?

तारतम्य:
फार चांगली शंका, आणि अर्धी बरोबर. पहिला फॉल्ट होईपर्यंत फ्लोटिंग खरंच सुरक्षित. ग्राइंडर एक, जनरेटर एक, वापरणारा एक, तिथे ओशाची सूट समजण्यासारखी आहे. पण ऑपरेशन थिएटरचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. तिथे लाइन आयसोलेशन मॉनिटर असतो. पहिला फॉल्ट झाला की तो बोंब मारतो. ट्रेलरमध्ये बोंब मारणारं कोणी नाही.

आता बघा काय होतं. वॉटर हीटरचं एलिमेंट फुटलं आणि हॉट बाजू ट्रेलरच्या बॉडीला लागली. फ्लोटिंगवर काहीच होत नाही. दिवे चालू, फ्रिज चालू, तुम्ही खूश. पण आता बॉडी हॉट तारेशी एकजीव झालीय. रात्री पाऊस पडतो. बाहेर गवतात टाकलेल्या एक्स्टेंशन कॉर्डची पांढरी, म्हणजे न्यूट्रल, तार कुठेतरी सोललेली आहे, ती चिखलात भिजते. म्हणजे जमीन झाली न्यूट्रल आणि ट्रेलर झाला हॉट. सकाळी अनवाणी उतरून दाराच्या दांड्याला हात लावणारा माणूस १२० व्होल्टच्या मध्ये. ब्रेकर तसाच उभा, कारण माणसातून जाणारा करंट त्याच्या खिजगणतीत नाही.

जोडणी केलेली असती तर पहिल्याच फॉल्टला शॉर्ट सर्किट, वीज बंद, आणि तुम्ही वैतागून कारण शोधायला लागला असता. वैताग परवडला.

शंकेखोर:
पटलं. दुसरा फॉल्ट हा खलनायक आहे तर.

ट्रान्झिस्टर:
तारतम्य यांच्याशी सहमत, फक्त एक दुरुस्ती. 'शॉर्ट सर्किट, वीज बंद' म्हणजे ब्रेकर पडला, हे चित्र खांबावर खरं. इन्व्हर्टर जनरेटरवर ब्रेकर बहुधा पडणारच नाही. २२०० वॉट भागिले १२० म्हणजे फार तर १८ अँपिअर. तो ३० अँपचा मेन ब्रेकर काय पाडणार? वीज तोडतो तो जनरेटरच्या आतला इलेक्ट्रॉनिक ओव्हरलोड. लाल दिवा लागतो, इंजिन चालू राहतं, सॉकेटमध्ये वीज शून्य. मग लोक रीसेट करतात, परत लाल, परत रीसेट. असा लाल दिवा आला तर दर वेळी एसीला शिव्या घालू नका. सगळे ब्रेकर पाडून एकेक चढवत बघा, कुठल्या सर्किटवर लाल होतो ते.

कुंपणावरची:
अवांतर: ज्यांना हे स्वतः करायचंय त्यांनी रंगांकडे नीट बघा. भारतात लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं. इथे काळी तार हॉट असते आणि पांढरी न्यूट्रल! हिरवी किंवा उघडी तांब्याची ग्राउंड. सासरे आले होते तेव्हा सॉकेट बदलायला बसले, काळी तार निर्धास्तपणे चिमटीत धरायला निघाले. मी आधीच ब्रेकर पाडला होता म्हणून.

जुना_वायरमन:
सासऱ्यांच्या जागी मीही असतो तर तेच केलं असतं. हे चांगलं सांगितलंत.

उनाड_पाखरू:
तो प्लग नक्की कसा असतो? विकत मिळतो की घरी करायचा?

तारतम्य:
दोन्ही. तयार बाँडिंग प्लग मिळतात, ईएमएस बनवणारेही जनरेटरसाठी हेच सुचवतात. माइक सोकोल यांनी आरव्हीवाल्यांसाठी (ट्रेलर-मोटरहोमवाल्यांसाठी) यावर बरंच लिहिलंय. घरी करायचा तर साधा तीन पिनांचा १५ अँपचा प्लग घ्या. आत चंदेरी स्क्रू न्यूट्रलचा, हिरवा ग्राउंडचा, पितळी हॉटचा. चंदेरी आणि हिरव्याच्या मध्ये १४ गेज तारेचा एक छोटा तुकडा. पितळी स्क्रूला काहीही, परत सांगतो, काहीही जोडायचं नाही. बंद करण्याआधी मल्टिमीटरने तपासा: रुंद पात आणि गोल पिन यांच्यात बीप, अरुंद पात आणि बाकी कशातही बीप नाही.

जनरेटरला दोन सॉकेट असतात. एकात ट्रेलर, दुसऱ्यात हा प्लग. दोन्ही सॉकेट आतून समांतर असल्यामुळे एका ठिकाणची जोडणी दोघांना पुरते. प्लगवर लाल रंगाने 'फक्त जनरेटर' असं लिहून ठेवा. आणि विजेत हात घातलेला नसेल तर सरळ विकतचा आणा.

माळरान:
पण मग कंपनीने मुळात न्यूट्रल का जोडला नाही? त्यांना काही कळत नाही आणि फोरमवाल्यांना कळतं?

ट्रान्झिस्टर:
कळतं म्हणूनच मोकळा सोडलाय. वीज गेल्यावर हाच जनरेटर लोक ट्रान्सफर स्विचमधून (बाहेरची लाइन सोडून जनरेटर जोडणाऱ्या स्विचमधून) घराला जोडतात. बहुतेक घरगुती ट्रान्सफर स्विच न्यूट्रल तोडत नाहीत. तिथे घराच्या पॅनेलमधली न्यूट्रल-ग्राउंड जोडणी आधीच आहे. जनरेटरमध्येही असती तर दोन झाल्या असत्या, आणि न्यूट्रलचा काही करंट ग्राउंडच्या तारेतून फिरला असता. जनरेटरला जीएफसीआय सॉकेट असेल तर ते लगेच पडतं. साइटवर वापरायचे मोठे उघड्या फ्रेमचे जीएफसीआयवाले जनरेटर बहुधा आतून जोडलेले असतात, आणि 'घराला लावला की सारखा ट्रिप होतो' ही तक्रार त्यांचीच.

म्हणून वीज गेल्यावर जनरेटर घराला लावणार असाल तर तो बाँडिंग प्लग आधी उपटून काढा.

वाटसरू_७०:
आमच्याकडे मोटरहोम आहे, जनरेटर आतच बसवलेला. आम्हीही हा प्लग घ्यायचा का?

ट्रान्झिस्टर:
नाही हो. गाडीत बसवलेल्या जनरेटरची जोडणी तिथेच केलेली असते आणि फ्रेम गाडीच्या चॅसीला जोडलेली असते. ट्रान्सफर स्विचही हॉटबरोबर न्यूट्रल बदलतो. तुम्ही काही करू नका. मोठे इन्व्हर्टर-चार्जर असतात, व्हिक्ट्रॉन मल्टिप्लससारखे, त्यांच्यातही बॅटरीवर चालताना ही जोडणी करणारा आणि बाहेरची वीज आली की सोडणारा रिले असतो. प्लगचं हे नाटक फक्त सुट्या, फ्लोटिंग जनरेटरसाठी.

उनाड_पाखरू:
माझा फ्लोटिंग आहे की नाही हे उघडल्याशिवाय कसं कळणार? जनरेटरला जीएफसीआय आहे.

तारतम्य:
जनरेटर बंद, काही जोडलेलं नाही. मल्टिमीटर बीपवर. एक टोक सॉकेटच्या रुंद फटीत, एक गोल भोकात. बीप आली तर जोडलेला, प्लगची गरज नाही. नाही आली तर फ्लोटिंग. जोडलेल्या जनरेटरच्या जीएफसीआय सॉकेटमध्ये बाँडिंग प्लग खुपसलात तर तो तत्काळ पडेल. ते न्यूट्रल-ग्राउंडची शिवाशिव ओळखतं.

रच्याकने, तीन दिव्यांचा जो पिवळा टेस्टर मिळतो, तो फ्लोटिंग जनरेटरवर ओपन ग्राउंडच दाखवणार. आणि त्याच्यावरचं जीएफसीआय तपासायचं बटण दाबलं तर काहीही होणार नाही, कारण ते हॉटपासून ग्राउंडला करंट सोडतं आणि इथे वाट नाही. त्याच जीएफसीआयचं स्वतःचं टेस्ट बटण मात्र काम करेल. लोक घाबरतात आणि जीएफसीआय बदलत बसतात. ४ ते ६ मिलिअँपिअरवर पडणारा तो बिचारा ठीक असतो.

कुंपणावरची:
विषय निघालाच आहे तर कोणीतरी धुराबद्दल बोला ना. अर्थिंगवर एवढा काथ्याकूट, आणि मागच्या उन्हाळ्यात शेजारच्यांनी जनरेटर ट्रेलरच्या स्लाइडआउटखाली (बाहेर सरकणाऱ्या भागाखाली) ठेवला होता. 'आवाज कमी येतो' म्हणे.

माळरान:
हे मात्र गंभीर. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. खिडक्यादारांपासून वीस फूट तरी लांब, एक्झॉस्ट उलट दिशेला, आणि ट्रेलरमधला सीओ अलार्म चालू आहे का ते बघा. वाऱ्याची दिशा बदलली की जागाही बदलायची.

उनाड_पाखरू:
आज माळरान सुरक्षिततेवर बोलताहेत. स्क्रीनशॉट घेतलाय.

माळरान:
मी बायपास करतो, मूर्ख नाही. :) आणि नॅशनल पार्कात जाणार असाल तर आवाजाचंही बघा. पन्नास फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे, आणि जनरेटरच्या वेळा कॅम्पग्राउंडवर लिहिलेल्या असतात. काका, तुमचा रॉड ठोकायचा आवाज त्यात बसणार नाही.

जुना_वायरमन:
रॉड एकदाच ठोकतात, जनरेटर दिवसभर बोंबलतो!

बायपासचं मात्र कोणीतरी नीट समजावून सांगा. तो ईएमएस आणखी काय काय बघतो?

ट्रान्झिस्टर:
काका, कमी-जास्त व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, उलटी पोलॅरिटी, सगळं बघतो. बायपास केलं की ही राखण बंद. आणि जनरेटरवर हीच सगळ्यात जास्त लागते. उंचीवर जनरेटरची ताकद दर हजार फुटांमागे साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. १८०० वॉट सतत देणारं यंत्र आठ हजार फुटांवर जेमतेम १३०० वर येतं. साडेतेरा हजार बीटीयूचा एसी चालवायलाच दीडेक हजार लागतात. एसी सुरू होताना व्होल्टेज कोसळतं आणि कॉम्प्रेसर त्या अवस्थेत गुंगूं करत राहतो. ईएमएस असता तर त्याने वीज तोडली असती. बायपासमध्ये कॉम्प्रेसर जातो. पायवाट, तुमचा एसी मोआबला ४,००० फुटांवर सुद्धा एकट्या २२०० वर सॉफ्ट स्टार्टशिवाय (एसी हळूहळू सुरू करणाऱ्या उपकरणाशिवाय) सुरू होईल असं धरून चालू नका.

माळरान:
हं. एसी मी जनरेटरवर लावतच नाही म्हणून मला कधी जाणवलं नसेल. हा मुद्दा घेतला. प्लग मागवतो. (आता याचाही स्क्रीनशॉट घ्या.)

घरकोंबडा:
ट्रेलर नाही, जनरेटर नाही, तरी पूर्ण धागा वाचला. आता दुसऱ्या फॉल्टचं स्वप्न पडणार.

पायवाट:
मंडळी, मल्टिमीटर आणला, नवऱ्याने वाचलं, मी लिहिलं. जनरेटर बंद असताना रुंद फट आणि गोल भोक: बीप नाही. म्हणजे फ्लोटिंग. चालू केल्यावर हॉट-न्यूट्रल १२०, हॉट-ग्राउंड ६१, न्यूट्रल-ग्राउंड ५८. हे ६१ आणि ५८ कुठून आले? जोडणीच नाही ना?

मग विकतचा बाँडिंग प्लग लावला. हॉट-ग्राउंड १२०, न्यूट्रल-ग्राउंड शून्य. ईएमएसवर ई०, ट्रेलरमध्ये दिवे. मायक्रोवेव्हमध्ये चहा केला!

आता दोन शेवटचे प्रश्न. एसीसाठी मैत्रिणीचा तसाच जनरेटर समांतर जोडायचा विचार आहे. दोघांना एकेक प्लग लागेल का? आणि घरासमोर ट्रेलर घराच्या जीएफसीआय सॉकेटला लावला की ते पडतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

ट्रान्झिस्टर:
६० च्या आसपासचं ते व्होल्टेज खरं नव्हे, 'भुताटकी'. आतल्या नॉइज फिल्टरचे कपॅसिटर दोन्ही तारांना फ्रेमशी थोडं थोडं बांधून ठेवतात आणि मल्टिमीटर इतका कमी करंट ओढतो की त्याला मधलं अर्धं दिसतं. छोटासा दिवा जोडलात तरी ते कोसळेल. फ्लोटिंगची ही ओळखच समजा.

जुना_वायरमन:
६१ आणि ५८ बघून मला खात्री पटली. प्लगबद्दल जुगाड म्हणालो होतो ते मागे घेतो, ती ट्रान्सफॉर्मरच्या स्टार पॉइंटची (न्यूट्रलची) जोडणीच आहे, फक्त खिशात मावणारी. तरी मी जनरेटरच्या त्या नटाला तार आणि रॉड लावणारच. सवय आहे.

तारतम्य:
लावा काका, प्लग असताना रॉडने काही बिघडत नाही. फक्त कॅम्पग्राउंडवर ठोकू नका, खाली केबल आणि पाण्याचे पाइप असतात. घरी अंगणात ठोकायचा तर आधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या लाइनींची खूण करून घ्या.

पायवाट, दोन जनरेटर समांतर असतील तरी प्लग एकच, दोघांपैकी कोणत्याही एकात. पॅरलल किटमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंड दोन्ही जोडले जातात ना ते किटच्या पुस्तिकेत बघून घ्या, नाहीतर ई२ परत भेटायला येईल.

जीएफसीआय पडतं त्याचं कारण वेगळं. एक तर ट्रेलरच्या आत कुठेतरी न्यूट्रल आणि ग्राउंड चिकटलेत, किंवा वॉटर हीटरचं एलिमेंट, फ्रिजचं एलिमेंट, कन्व्हर्टर (बॅटरी चार्ज करणारा) यांची थोडी थोडी गळती मिळून ५ मिलिअँपिअरच्या पुढे जाते. आत सगळे ब्रेकर पाडून ट्रेलरचा प्लग लावा. तरीही पडलं तर न्यूट्रल-ग्राउंड चिकटलेत, कारण ब्रेकर न्यूट्रल तोडत नाही. नाही पडलं तर एकेक ब्रेकर चढवा. मी पैज लावतो वॉटर हीटरवर. मोआबला निघायच्या आधी हे शोधाच, कारण जनरेटरला जीएफसीआय नाही, तिथे ही गळती तुम्हाला कोणी सांगणार नाही.

पायवाट:
शनिवारी वॉटर हीटर उघडते. एलिमेंट बदलायला पाणी पूर्ण काढावं लागतं का?

माळरान:
हो, आणि एलिमेंटचा ब्रेकर पाडून, पाणी थंड झाल्यावरच काढा. पण त्यासाठी नवा धागा काढा, इथे काका आता वॉटर हीटरलाही रॉड ठोकायला सांगतील.